जातें आणि घरचें दळण

कृष्णाकांठच्या गांवांत एके काळीं पहाट होई ती जात्याच्या घरघरीनें. वाईपासून कऱ्हाडापर्यंत आणि तेथून खालीं सांगली-मिरजेपर्यंत घर गरिबाचें असो वा श्रीमंताचें, त्याच्या पडवींत अथवा माजघराच्या कोपऱ्यांत जातें मांडलेलें असावयाचेंच. आज तींच जातीं कोठें तुळशीवृंदावनाशेजारीं उलथीं पडलीं आहेत, कोठें पायरीखालीं गेलीं आहेत, तर कोठें शहरांतल्या दिवाणखान्यांत शोभेची वस्तु म्हणून येऊन बसलीं आहेत. इतक्या जुन्या सोबत्याचा इतिहास थोडक्यांत पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

धान्य वाटण्याची विद्या मनुष्यास फार पूर्वींच साधली. इनामगांव, नेवासें, दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या तीन हजार वर्षांहून अधिक जुन्या. त्या काळीं दगडावर दगड मागें-पुढें घांसून पीठ करीत. या रीतींत हात प्रत्येक खेपेस थांबतो आणि पुन्हां आरंभ करतो. जात्याची वरची तळी मात्र स्वतःभोंवतीं फिरते. एकदां गति आली म्हणजे ती टिकविणें तेवढें उरतें. हा फरक दिसावयास लहान, परंतु परिणामानें मोठा आहे. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत जें उत्खनन झालें, त्यांत फिरतीं जातीं मिळालीं; आणि तेथें काम करणारे संशोधक डॉ. हसमुख सांकळिया यांनीं १९५९ सालीं भारतांतील फिरत्या जात्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे सुमारें दोन हजार वर्षें, जातें महाराष्ट्रांत नांदत आलें आहे असें मानावयास हरकत नाहीं.

या वस्तूस लागणारा दगड सातारा-सांगलीकडे दूर शोधावा लागत नसे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखींच्या रसापासून झालेला आहे. तो कठीण असून टांकीनें घडवितां येतो, आणि त्यास पाडलेले दांत लवकर झिजत नाहींत. जात्याची रचनाहि साधी. खालची तळी स्थिर. तिच्या मध्यभागीं खुंटी. वरच्या तळीच्या मुखांत लांकडाची माकडी बसविलेली असते आणि ती त्या खुंटीवर फिरते. कडेला धरावयाचा खुंटा. एका हातानें खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हातानें मुखांत मूठमूठ घास घालावयाचा, आणि पीठ कडेनें सभोंवार झडत राहावयाचें. डाळ किंवा भरडा काढावयाचा असेल, तर वरची तळी किंचित् उचललेली राहील अशी तजवीज करीत. दांत बोथट झाले म्हणजे पाथरवट किंवा वडार येऊन टांकी लावी. दोन पृष्ठभागांतील अंतर, दांतांची धार आणि घासाचें प्रमाण या तीन गोष्टींवर सारें दळण अवलंबून असतें.

याच तीन गोष्टींवर कॉफी दळण्याचें हातयंत्रहि चालतें. सतराव्या शतकांत बाबा बुदन यांनीं अरबस्तानांतून कॉफीच्या बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लाविल्या, अशी परंपरा सांगते. फ्रान्समधील प्यूझो घराण्यानें पुढें मोटारी केल्या खऱ्या, पण त्याच्या कारखान्यांत १८४० पासून कॉफीचीं हातयंत्रें होत असत. त्या यंत्रांत दगडाच्या जागीं दांतेरी लोखंड आलें आणि माकडीच्या जागीं स्क्रू आला. तत्त्व तेंच राहिलें. भाजलेली बी दळली कीं तिचा सुगंध उडूं लागतो, म्हणून जाणते लोक ती आयत्या वेळीं दळतात. मेतकूट आणि भाजणी यांच्याविषयीं आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांचें मत याहून निराळें नव्हतें. जायफळ घातलेल्या कॉफीचा पेला मराठी घरांत रुळला, तरी दळण म्हटलें कीं आठवण जात्याचीच राहिली.

ही आठवण गोड वाटते, पण ज्यांनीं दळलें त्यांना तें इतकें गोड नव्हतें. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या भागांत ज्वारी-बाजरीची भाकरी रोज लागे, आणि भाकरीचें पीठ फार दिवस ठेवतां येत नसे. म्हणून दळणहि जवळजवळ नित्याचें. घर उठण्यापूर्वीं दोघी जावा समोरासमोर बसत आणि उजाडण्याच्या आंत पीठ तयार होई. आजारपण असो वा उपवास असो, त्यांतून सुटका क्वचितच. हाताला घट्टे पडत, खांदे भरून येत. आणि ज्या मुलीला आईबरोबर खुंट्याला हात लावावा लागे, तिच्या शिक्षणाचा विचार मागें पडे.

या कष्टांतूनच ओंवी जन्मास आली. चारचौघांत जें बोलतां येत नसे, तें जात्याच्या आवाजाच्या आडोशानें बोललें जाई. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणें, सासरचा जाच, पंढरीची वारी, आणि पुढल्या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयींची कृतज्ञता, हें सारें त्यांत आलें. संत जनाबाईच्या दळणाला प्रत्यक्ष विठ्ठल हात लावी, ही कथा महाराष्ट्रानें जपली, कारण त्या एकटेपणांत कोणीतरी सोबतीला असावें ही प्रत्येक दळणारणीची इच्छा होती. साने गुरुजींनीं ‘स्त्री जीवन’ या ग्रंथांत अशा ओंव्यांचा मोठा संग्रह केला. पुढें हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं खेड्याखेड्यांतील स्त्रियांकडून ओंव्या मिळविल्या. हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओंव्या त्यांच्या प्रयत्नानें संग्रहित झाल्या आहेत.

जात्याचा निरोप याच भागांतील यंत्रविद्येनें लिहिला, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत सातारा जिल्हा आणि निरनिराळीं संस्थानें यांत विभागलेला होता. त्यांपैकीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस कुंडलजवळ जागा दिली, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडण्याचीं यंत्रें तेथून गांवोगांव गेलीं. इकडे सातारा रोडचा कूपर यांचा कारखाना इंजिनांसाठीं प्रसिद्ध झाला. तेलावर चालणारीं इंजिनें खेड्यांत आलीं आणि त्यांच्या पट्ट्यावर पिठाच्या गिरण्या फिरूं लागल्या; नंतर विजेनें तें काम आणखी सोपें केलें. ज्या किर्लोस्करवाडींत नांगर ओतले जात, तेथूनच १९३० सालीं ‘स्त्री’ मासिक निघूं लागलें, हीहि गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. खांद्यावरचा भार उतरल्याखेरीज हातीं मासिक धरावयास सवड मिळत नसते.

गिरणीचें पीठ गरम होतें, भाकरीला चव राहत नाहीं, अशी तक्रार प्रथम पुष्कळ झाली; पण ती करणारे बहुधा जेवणारे होते, दळणाऱ्या नव्हेत. स्त्रियांनीं दळणाचा डबा उचलला आणि गिरणीची वाट धरली. त्यांचा तो निर्णय योग्यच होता. मात्र गिरणीच्या आवाजांत गाणें जमत नाहीं. जातें थांबलें आणि नवी ओंवीहि बहुतेक थांबली. एका पिढीची सुटका झाली त्याच वेळीं तिचा आवाजहि गेला. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि इतिहास सांगणाऱ्यानें त्यांपैकीं एकच सांगूं नये.

म्हणूनच जात्याचा संग्रह कसा करावा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. औंधचें संग्रहालय १९३८ सालचें. तेथें चित्रें आणि शिल्पें यांचें वैभव आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनीं निराळी दृष्टि ठेविली. अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनीं दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा नित्याच्या वस्तु आयुष्यभर जमविल्या, आणि घरांतली वस्तुहि इतिहासाचें साधन असते हें दाखवून दिलें. ज्या कुटुंबांत जातें अजून शिल्लक आहे त्यांनीं त्याच धोरणानें वागावें. लग्नांत हळद दळावयापुरतें तें पुसून पूजेस मांडलें जातें, तेवढ्यानें भागणार नाहीं. तें कोणाच्या लग्नांत घरांत आलें, त्यावर काय काय दळीत, दळतांना कोणाच्या तोंडीं कोणती ओंवी असे, हें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारून लिहून ठेवावें. जमल्यास टांकी लावून घ्यावी आणि वर्षांतून दोन-चार वेळां मेतकूट किंवा भाजणी त्यावर दळावी. आणि त्या वेळीं घरांतील पुरुषांनींहि खुंटा धरावा. दगड हजारों वर्षें टिकेल. त्यावर फिरलेल्या हातांची हकीकत मात्र सांगणारी व्यक्ति आहे तोंवरच मिळेल.