वादळात अडकलेले आणि वादळातून आलेले

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते. मुखाजवळ तिचं पात्र काही किलोमीटर रुंद होतं आणि आत आलेला समुद्र कुठे संपतो, नदी कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. उत्तर काठावर, आजच्या अस्टोरिया-मेगलर पुलापासून जवळच, कड्याच्या पायथ्याशी एक लहानशी बेचकी आहे. नाव डिस्मल निच. १० नोव्हेंबर १८०५ला लुईस आणि क्लार्क यांची तुकडी तिथे अडकली, ती १५ तारखेला दुपारी सुटली.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पाठवलेल्या या मोहिमेला निघून तोवर दीड वर्ष झालं होतं. ७ नोव्हेंबरला क्लार्कने रोजनिशीत समुद्र दिसल्याचं आनंदाने नोंदवलं. प्रत्यक्षात समोर होती ती खाडी. समुद्र अजून तीसेक किलोमीटर लांब होता. एवढंसं अंतर कापायला त्यांना आठवड्याहून जास्त वेळ लागला.

दोष पावसाचा कमी आणि लाटांचा जास्त. नदीचा प्रचंड लोंढा बाहेर येतो, भरती त्याच्या अंगावर चालून जाते आणि हिवाळ्यातला नैऋत्येचा वारा दोघांना घुसळून काढतो. मोहिमेच्या होड्या तयार झाल्या होत्या शेकडो किलोमीटर आत, क्लिअरवॉटर नदीच्या काठी. पाइनची जाड खोडं आतून जाळून, कोरून केलेल्या या जड, बसक्या होड्या नदीच्या प्रवाहात चालल्या. खाडीच्या लाटांत त्यांत भराभर पाणी शिरू लागलं. पाणी खवळलं की काठ गाठायचा, एवढंच हातात होतं.

आणि काठ तरी कसला? मागे उभा कडा, पुढे भरतीचं पाणी, मध्ये दगड आणि वाहून आलेले ओंडके. आधीच्या मुक्कामी भरतीबरोबर प्रचंड झाडं तरंगत आली होती. क्लार्कच्या अंदाजाने काही साठ मीटर लांबीची आणि माणसाच्या उंचीइतकी जाड. त्यांच्या धडकेपासून होड्या वाचवण्यात सगळ्यांची दमछाक झाली. १२ तारखेच्या पहाटे विजा कडाडल्या, गारा पडल्या. त्या दिवशी त्यांनी होड्यांत दगड भरून त्या चक्क पाण्यात बुडवल्या. तरंगत्या राहिल्या असत्या, तर खडकांवर आपटून फुटल्या असत्या. अंगावरचे कातडी कपडे कुजत चालले होते आणि खायला मुख्यतः कुटून सुकवलेला सामन मासा होता.

याच वादळात, ११ तारखेला, नदीच्या वरच्या अंगाने एक होडी आली. कॅथलामेट जमातीची पाच माणसं मासे विकायला आली होती. मोहिमेने त्यांच्याकडून तेरा सामन घेतले. व्यवहार आटोपला आणि पाहुणे त्याच खवळलेल्या पाण्यातून आपल्या वाटेने निघून गेले. होडी हाकण्यात यांच्यासारखे तरबेज लोक आपण पाहिले नाहीत, असं क्लार्कने लिहून ठेवलं.

हे कसब होतंच, पण होडीही वेगळी होती. किनाऱ्यावरच्या या चिनूक भाषककुळातल्या जमाती तांबड्या सीडरचं खोड कोरत, आत पाणी भरून त्यात तापलेले दगड टाकत आणि लाकूड मऊ झालं की बाजू बाहेर फाकवत. उंच नाळ लाट कापत पुढे जाई. वादळ दोघांसाठी एकच होतं, पण थांबण्याची वेळ एकावरच आली.

मोहिमेला ते लगेच उमगलं. पुढचा किनारा पाहायला १२ तारखेला तीन माणसं पाठवली, तीही वाटेत स्थानिकांकडून घेतलेल्या होडीतून. ती लाटांपुढे हरून परतली. दुसऱ्या दिवशी त्याच होडीतून कोल्टर, विलार्ड आणि शॅनन निघाले आणि पार झाले. पलीकडे वाळूचा चांगला किनारा असल्याची खबर घेऊन कोल्टर १४ला आला. १५ला दुपारी वारा पडला आणि उरलेला लवाजमा हलला.

आज कोलंबियाच्या या पट्ट्यात बॉनव्हिल धरणापासून समुद्रापर्यंत सुमारे २३५ किलोमीटरचा जलमार्ग वल्हेकऱ्यांसाठी आखलेला आहे. आपल्याकडे बंदरात धोक्याचा बावटा चढतो, तसा इथल्या कयाकवाल्यांना रेडिओवर इशारा मिळतो. मुखाजवळचा वाळूचा दांडा फार खवळला, तर तटरक्षक दल लहान नौकांना तिथे जायला बंदीच करतं. याच दलाची खवळलेल्या समुद्रात बचावनौका चालवायला शिकवणारी शाळा मुखाशी, केप डिसअपॉइंटमेंटला आहे. तरीही कयाकवाला दुपारचा वारा टाळून पहाटे निघतो आणि अडकलाच, तर तंबू ठोकून बसतो.

मोहिमेने १८०५-०६चा हिवाळा फोर्ट क्लॅटसॉपमध्ये काढला. तिथल्या साडेतीन महिन्यांत बिनपावसाचे दिवस मिळाले फक्त बारा. मार्च १८०६मध्ये परतीसाठी होड्या हव्या होत्या. एक मिळाली लुईसच्या कलाबतूच्या लष्करी कोटाच्या आणि थोड्या तंबाखूच्या बदल्यात. दुसरी क्लॅटसॉप या चिनूक कुळातल्याच जमातीच्या लोकांची होती. ती सरळ चोरली. हिवाळ्यात आपली शिकार त्यांनी पळवली होती, असं त्याचं समर्थन लिहून ठेवलं गेलं. २०११मध्ये क्लार्कच्या वंशजांनी तिच्या बदल्यात एक नवी होडी चिनूक लोकांच्या हवाली केली.