गजकर्णाच्या कॅप्सूल आणि कोलेस्टेरॉलची गोळी : एकत्र घेण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात जांघेत, कमरेला गजकर्ण उठलं की माणूस मलम लावून लावून कंटाळतो आणि कॅप्सूल सुरू करतो. त्या पाकिटावर बऱ्याचदा इट्राकोनाझोल हे नाव असतं. तोच माणूस हृदयाच्या त्रासासाठी रोज रात्री अटोरव्हास्टॅटिन घेत असेल, तर मात्र जरा थांबा.

पोटात गेलेलं औषध शरीर मोडून बाहेर टाकतं. हे काम यकृतातले आणि आतड्यातले एन्झाइम करतात. त्यातल्या एकाचं नाव सीवायपी 3ए4. अटोरव्हास्टॅटिन मोडतो तो हाच, आणि इट्राकोनाझोल नेमकं यालाच अडवून ठेवतं. कारखान्याच्या काट्यावर एक ट्रॅक्टर बंद पडला की मागं उसाच्या गाड्या तुंबतात, तसंच होतं. रक्तातलं अटोरव्हास्टॅटिन सुमारे तिपटीवर जाऊ शकतं. गोळी तीच, डोस तोच, पण अंगात साठा जास्त. सिम्व्हास्टॅटिनचं तर विचारूच नका, ते इट्राकोनाझोलसोबत द्यायचंच नाही असा नियम आहे. रोसुव्हास्टॅटिन या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसतं.

साठा वाढला की स्नायूंना इजा होऊ शकते. मांड्या, खांदे दुखतात, उठता-बसता ताकद लागत नाही. आपल्याकडं हे खुरपणीच्या नाहीतर पाणी धरायच्या कामावर ढकललं जातं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर स्नायूंचा चुरा मूत्रपिंडापर्यंत पोचलाय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्लॅरिथ्रोमायसिन हे छातीच्या संसर्गावरचं अँटिबायोटिकही हाच एन्झाइम अडवतं. बीपीची अम्लोडिपिनही त्याच वाटेनं जाते, म्हणून कधी पाय सुजतात, चक्कर येते.

खरी अडचण अशी की कातडीचा डॉक्टर तालुक्याला, हृदयाचा जिल्ह्याला. एकाचा कागद दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मेडिकलवाल्यालाही दाखवा. हृदयाची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती काही दिवस थांबवायची, बदलायची की कमी करायची, हे डॉक्टर ठरवतील.

आणि कॅप्सूल संपल्या म्हणजे अडथळा लगेच सुटला असं नाही. इट्राकोनाझोल अंगातून जायला एक-दोन आठवडे लागतात. थांबवलेली गोळी कोणत्या तारखेपासून सुरू करायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.