चॅनल काढायचे आहे? मग आधी विचारा, छापखाना कोणाचा?

बुधवार पेठेतली तीन पोरे गेल्या महिन्यात घरी आली. त्यांना यूट्यूबवर चॅनल सुरू करायचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या चळवळीच्या आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे आहे. एकाकडे बरा मोबाइल आहे, दुसऱ्याकडे बहिणीच्या शिक्षणासाठी घेतलेला चार जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, तिसऱ्याकडे नुसता उत्साह. प्रश्न एकच होता : "सर, एडिटिंगसाठी सुरुवातीला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?"

मी नाव सांगितले नाही. त्यांना आधी १९२० सालात घेऊन गेलो. पोरे जरा कंटाळली, पण ऐकत राहिली.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊन छापावी अशी विनंती 'केसरी'ला केली, तर 'केसरी'ने ती नाकारली. टिळक तेव्हा हयात होते. ही गोष्ट बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे हा प्रसंग दरवर्षी ३१ जानेवारीला भाषणात सांगितला जातो आणि टाळ्या पडल्या की विसरला जातो. पण त्याचा अर्थ काय? लिहिणारा आपला, पैसे आपले, तरी यंत्र दुसऱ्याचे असेल तर तो 'नाही' म्हणू शकतो आणि त्याला जाब विचारता येत नाही.

'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडला. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. लिहिणारी माणसे पुरेशी नव्हती, म्हणून रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. ते पत्रही १९२९ मध्ये थांबले. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आले आणि ते मात्र टिकले; १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. चळवळीने दरम्यान स्वतःचा 'भारत भूषण' छापखाना उभा केला होता. पत्र टिकण्याची कारणे अनेक असतील, पण यंत्र आपल्या ताब्यात असणे हे त्यातले मोठे कारण, असे माझे मत आहे.

आता यंत्र बदलते तिथे येऊ. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या अंत्ययात्रेचे चित्रण आज आपण मोबाइलवर पाहतो, पुढे पाठवतो. ते नामदेव व्हटकरांनी केले, आणि त्यासाठी स्वतःचा छापखाना गहाण टाकला. छापखाना देऊन कॅमेरा आणि फिल्म! त्या माणसाने ओळखले होते की हा दिवस अक्षरात मावणारा नाही. आज तीन पोरांच्या खिशात ते यंत्र फुकट पडून आहे आणि आपण त्यावर जयंतीच्या डीजेचे व्हिडिओ काढतो. असो.

तर सॉफ्टवेअर. घरगुती संगणकावर व्हिडिओ कापण्याची सोय आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा मिळाली ती विंडोज मूव्ही मेकरमुळे. २००० साली ते विंडोजबरोबर आले. लग्नाच्या सीडी, धम्म परिषदांची भाषणे, किती तरी गोष्टी त्यावर जोडल्या गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काढून घेतले. ज्यांनी तयार व्हिडिओ बाहेर काढून ठेवला होता त्यांचे निभावले. ज्यांच्याकडे अर्धवट कामाची प्रोजेक्ट फाइल होती, त्यांना ती उघडायला दुसरे सॉफ्टवेअर मिळेना. कारण प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कोणता तुकडा कुठे कापला, कुठे जोडला, एवढी यादी असते, आणि ती यादी वाचणारे सॉफ्टवेअर गेले की ती मुकी होते. माझ्याही एका कामाचे असेच झाले. मोबाइलच्या एका ॲपवर दोन मुलाखती अर्ध्या जोडून ठेवल्या होत्या. ॲप बंद झाले. मूळ चित्रण जागा करण्यासाठी मीच पुसले होते. त्यातले एक आजोबा आता नाहीत.

म्हणून माझा पहिला निकष सोपेपणाचा नाही. माझे काम माझ्या ताब्यात राहते का, हा आहे. महिन्याच्या वर्गणीवर मिळणारे नावाजलेले सॉफ्टवेअर घ्या. ॲडोबीने २०१३ पासून प्रीमियरच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली. हप्ता भरला तोवर दार उघडे, चुकला की बंद. पेनड्राइव्हवरून फुकट मिळणारी 'क्रॅक' कॉपी हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात काय घुसवले आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. मोबाइलवर काइनमास्टरसारखी ॲप शिकायला सोपी आहेत, पण फुकट आवृत्तीत तुमच्या आजीच्या चेहऱ्यावर कंपनीचा शिक्का बसतो. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती चांगली आहे, फक्त तिला दमदार संगणक लागतो. आमच्या लॅपटॉपचा जीव तेवढा नाही.

शेवटी त्यांना शॉटकट घ्यायला सांगितले. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, शिक्का नाही, मुदत नाही, आणि त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडून वाचता येते. ओपनशॉट आणि केडेनलाइव्ह ही त्याच जातकुळीतली. (जातकुळी हा शब्द इथे तरी चालेल.) एचडी व्हिडिओसाठी शॉटकटला आठ जीबी रॅम बरी. चार जीबी असेल तर त्यातली 'प्रॉक्सी'ची सोय चालू करायची. म्हणजे कापताना हलकी प्रत वापरली जाते आणि शेवटचा व्हिडिओ मूळ चित्रणातूनच बनतो. सुरुवातीला ते रुक्ष वाटते. चकचकीत तयार इफेक्ट कमी आहेत, पोरे कुरकुरली. पण करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे 'पिस्तुल्या' घेऊन आला आणि त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तो कोणत्या सॉफ्टवेअरवर कापला हे कोणी विचारले का?

घेण्यापूर्वी मराठीची परीक्षा मात्र घ्यायची. पडद्यावर 'महाराष्ट्र', 'सिद्धार्थ', 'बहिष्कृत' हे तीन शब्द टाइप करून बघायचे. काही सॉफ्टवेअरमध्ये अजून जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. बाबासाहेबांचे नाव चुकीचे उमटवणारे यंत्र कितीही नामी असले तरी आपल्या कामाचे नाही. पार्श्वभूमीला भीमगीत लावण्याचा मोहही आवरायचा. गाणे आपल्या माणसाने लिहिले, आपल्या माणसाने गायले, पण ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतील तर दावा येतो. हा पुन्हा छापखान्याचाच प्रश्न.

एक गोष्ट मात्र कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुंडेवार आयोगाने ते मानले नाही. आधी काय घडले आणि नंतर काय, यावर तिथे सगळा न्याय अडला होता. एडिटिंग म्हणजे तरी दुसरे काय? कोणते दृश्य आधी ठेवायचे आणि कोणते नंतर. विरोधक आपल्या भाषणांचे तुकडे तोडून फिरवतात तेव्हा आपण चिडतो. मग आपणही आजींचे वाक्य मध्येच तोडून त्यांच्या तोंडी आपली घोषणा घालायची नाही. मूळ चित्रण न कापता दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत ठेवायचे. कोणी शंका घेतली तर ते दाखवता आले पाहिजे.

पोरांची पहिली मुलाखत वळसंगची आहे. आपल्या माणसांनी तिथे विहीर खोदली आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी तिथे येऊन तिचे पाणी प्यायले. तो दिवस मोठेपणी पाहिलेली माणसे आता उरलेली नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली मुले आहेत, तीही ऐंशीच्या घरात. रविवारी सकाळी एसटीने जायचे ठरले आहे. कॉलरला लावायचा एक माइक घेतला आहे, कारण चित्र हलले तर चालते, पण आवाज गेला तर मुलाखत गेली. मोबाइलमध्ये किती जागा शिल्लक आहे, तेवढे निघण्यापूर्वी बघायला सांगितले आहे.