दादर-माटुंगा : साथीतून जन्मलेले उपनगर

व्यापाराने किंवा राजाश्रयाने शहरे वाढल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत. मुंबईच्या दादर-माटुंगा या उपनगराचा उगम मात्र एका भयंकर साथीत आहे. तेथील वृक्षांकित रस्त्यांवरून जाणाऱ्यास याची कल्पनाही येत नाही.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोग ओळखला. उजेड-वारा यांस पारख्या झालेल्या चाळींतून तो झपाट्याने पसरला आणि सहस्रावधी लोक शहर सोडून गावी पळाले. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग फैलावतात, हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या वेळी सारा दोष दाट वस्तीवर व घाणीवर ठेवण्यात आला. ही दाटी मोडण्यासाठी १८९८ साली कायद्याने 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढले व उत्तरेकडे नवी वसाहत वसविण्याचे ठरविले.

तोपर्यंत दादर-माटुंगा म्हणजे भाताची खाचरे, माडांच्या वाड्या आणि लहान लहान गावे. १५९६ साली स्थापन झालेले पोर्तुगीज चर्च हे तेथील जुने ठिकाण. त्याची आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७० नंतरच्या दशकात उभी राहिली. ट्रस्टने या प्रदेशात जमिनी घेऊन रस्ते आधी आखले, घरे मागाहून बांधू दिली. दोन घरांत अंतर सोडण्याचा नियम केला व 'फाइव्ह गार्डन्स'सारख्या बागांना जागा राखली. ट्रस्टच्याच सेवेतील अभियंते मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने पारशी कॉलनी वसली. जवळच हिंदू कॉलनी उभी राहिली आणि माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबे स्थिरावली. १९२३ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्था भायखळ्याहून येथे आली. १९३७ मध्ये रुईया महाविद्यालय सुरू झाले.

परंतु ज्यांची घरे पाडली गेली, ती माणसे या नव्या घरांत आली काय? बहुतांशी नाही. येथील भाडी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती आणि पोट गोदीशी व गिरणीशी बांधलेले होते. ती शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली. नव्या वसाहतीचा लाभ झाला तो प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील अशा मध्यमवर्गाला. या सुधारणेचा इतिहास सांगताना ही बाजू वगळणे न्यायाचे होणार नाही.

तथापि मोकळ्या जागांची गोष्ट निराळी. दादरच्या पश्चिमेस समुद्रालगतचे विस्तीर्ण मैदान १९२५ साली नगरपालिकेने लोकांस खुले केले. आरंभी त्याचे नाव माहीम पार्क असे होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, ते शिवाजी पार्क झाले. तेथे पोरांनी क्रिकेट खेळावे, वृद्धांनी कट्ट्यावर बसावे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखोंनी सभा ऐकाव्यात, यासाठी कोणासही भाडे भरावे लागले नाही.

हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहास पुरेल असे 'राजगृह' बांधले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा देह या घरी आणला गेला आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथे आज चैत्यभूमी आहे. दरवर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणारा अफाट जनसमुदाय शिवाजी पार्कवरच विसावतो. ट्रस्टच्या घरांत ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांच्यासारख्याच कष्टकऱ्यांची ही लेकरे. मैदाने व बागा यांवर अतिक्रमण होऊ न देणे हे म्हणूनच केवळ आसपासच्या रहिवाशांच्या सोयीचे काम नव्हे. सुधारणेचा जो भाग खरोखर सर्वांच्या वाट्यास आला, तो राखण्याचे ते काम आहे.