स्थिरचित्रांचा कॅमेरा आणि चित्रपटाचा कॅमेरा : प्रतिमागुणाच्या एका वादाचा इतिहास

इ. स. २००८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत चित्रपटव्यवसायात एक वाद मोठ्या हिरिरीने झडला. स्थिर छायाचित्रांसाठी बनविलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याने घेतलेले चलच्चित्र व्यावसायिक डिजिटल सिने-कॅमेऱ्याच्या चित्राची बरोबरी करू शकते काय, हा त्या वादाचा विषय होय. त्याची चर्चा करताना किंमत आणि चित्रबिंदूंची संख्या या दोनच गोष्टींवर सामान्यतः भर दिला जातो. आमच्या मते वादाचे मर्म तेथे नव्हते. या दोन कॅमेऱ्यांच्या पाहण्यात जितके अंतर होते, त्याहून पुष्कळ अधिक अंतर पाहिलेले टिपून ठेवण्याच्या रीतीत होते.

वस्तुतः ही दोन यंत्रे एकाच कुळातील आहेत. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक याने चित्रपटाची ३५ मिलिमीटर फीत स्थिरचित्रांच्या एका लहानशा कॅमेऱ्यात आडवी फिरविली आणि चित्रपटाच्या दोन चौकटींइतकी, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर, अशी एक चौकट योजिली. १९२५ साली हा कॅमेरा 'लायका' या नावाने बाजारात आला. २००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनचा डी-९० आणि सप्टेंबरमध्ये कॅननचा ५डी मार्क-२ जाहीर झाला, तेव्हा या उसनवारीची उलट फेड झाली असे म्हणावयास हरकत नाही. कॅननच्या त्या कॅमेऱ्याचा संवेदक नेमका ३६ × २४ मिलिमीटरचाच होता. त्यापूर्वीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे संवेदक इतके लहान असत, की पात्राचा चेहरा स्पष्ट आणि पार्श्वभूमी विरघळलेली, हा चित्रपटाचा ओळखीचा परिणाम त्यांत सहसा साधत नसे. तो आता एकाएकी अनेकांच्या आटोक्यात आला.

महाराष्ट्रात याचा उपयोग कोणी आणि कशासाठी केला, हे पाहणे उद्बोधक आहे. हाताशी असेल ते यंत्र आपल्या कामाला जुंपावयाचे, ही येथील चित्रपटाची जुनीच रीत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपली. म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासारखा वापरला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा स्वतःच घडविला. या परंपरेत अमोल गुप्ते दिग्दर्शित 'स्टॅन्ले का डब्बा' (२०११) या हिंदी चित्रपटाची गणना करावी लागेल. मुंबईतील एका शाळेत, मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांतून तो साकार झाला. छायाचित्रकार अमोल गोळे यांनी तो कॅननच्या ७डी या डीएसएलआर कॅमेऱ्याने चित्रित केला. मोठा सिने-कॅमेरा आणि त्याच्या भोवतीचा लवाजमा वर्गात आला असता, तर मुलांची ती निःसंकोच वागणूक टिपणे कठीणच झाले असते. प्रतिमागुणाच्या कोष्टकात या लाभाला रकाना नसतो. तथापि निर्णायक लाभ तोच होता.

आता हानीकडे वळू. ७डी कॅमेरा स्थिरचित्र घेई तेव्हा ते ५१८४ × ३४५६ चित्रबिंदूंचे असे, आणि प्रत्येक बिंदूची उजळता १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत नोंदली जाई. तोच कॅमेरा, तेच भिंग, तोच संवेदक चलच्चित्र घेऊ लागला की चित्र १९२० × १०८० चे होई आणि उजळतेच्या पायऱ्या ८ बिटांच्या, म्हणजे केवळ २५६ उरत. रंगाची नोंद तर दर चार बिंदूंस मिळून एकदाच होई. शिवाय संवेदकावरील काही ओळी वाचावयाच्या आणि मधल्या सोडून द्यावयाच्या, अशी या कॅमेऱ्याची वाचनपद्धती होती. त्यामुळे बारीक, नियमित वीण असलेल्या वस्तूंवर नसलेल्याच लाटा उमटत. विदर्भातील करवतकाठी साडीचे दातेरी काठ किंवा कौलारू छपराच्या रांगा दुरून टिपणाऱ्यास ही पीडा ठाऊक असेल.

२०१० साली आलेल्या आरी कंपनीच्या अलेक्सा या सिने-कॅमेऱ्याची रीत निराळी होती. त्याच्या उच्च प्रतीच्या मुद्रणात उजळतेच्या ४,०९६ पायऱ्या असत. ७डी मिनिटास सुमारे ३३० मेगाबाइट नोंद ठेवी. अलेक्साची मिनिटाची नोंद दोन गिगाबाइटच्या घरात जाई. प्रकाश प्रत्येक वेळी दुप्पट होतो अशी एकेक पायरी धरली, तर अलेक्सा अशा सुमारे १४ पायऱ्या सांभाळीत असे. त्या काळच्या डीएसएलआरच्या चलच्चित्रास त्यांपैकी तीनएक पायऱ्या कमी पडत. तीन पायऱ्या म्हणजे आठपट, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

नागपूरच्या वाचकास या आठपटीचा अर्थ दीक्षाभूमीवर सहज कळेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी लक्षावधी लोक या दिनानिमित्त येथे येतात. त्यांतील बहुसंख्यांची वस्त्रे शुभ्र असतात. ऑक्टोबरचे ऊन, पांढरा स्तूप, पांढरी वस्त्रे, आणि त्यांमध्ये सावळे-काळे चेहरे. या दृश्याइतकी कठोर परीक्षा कॅमेऱ्यास क्वचितच मिळते. पांढरे राखावे म्हणून भिंगाचे छिद्र लहान केले की चेहरे काळोखात बुडतात. चेहरे राखावे तर लुगड्यांच्या चुण्या नाहीशा होऊन नुसते पांढरे डाग उरतात. अलेक्साच्या नोंदीतून बुडालेला चेहरा नंतर वर काढता येतो. २५६ पायऱ्यांच्या नोंदीत तो वर काढू गेल्यास त्यावर पट्टे आणि चौकोनी ठिपके उमटतात. व्यक्तीचा चेहरा हाच जेथे पुरावा, तेथे हा दोष केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही.

हा दोष संवेदकाचा नसून प्रामुख्याने मुद्रणाचा होता, याचा भक्कम पुरावा २०१३ साली मिळाला. 'मॅजिक लँटर्न' या नावाने काम करणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलीकारांनी कॅननच्या ५डी मार्क-३ मधून १४ बिटांचे कच्चे, असंपीडित चलच्चित्र बाहेर काढून दाखविले. यंत्रात एक स्क्रूही बदलला नव्हता. मार्क-३ च्या संवेदकाचे वाचन आधीच सुधारलेले होते हे खरे. तरी सावल्यांत आणि त्वचेच्या रंगात जे नव्याने दिसू लागले, ते या नोंदीमुळेच होय. निर्मात्या कंपनीने ते आधीच का दिले नाही, याच्या कारणांत संगणकशक्ती, उष्णता व स्मृतिपत्रांचा वेग ही तांत्रिक कारणे आहेतच. स्वतःच्या महाग सिने-कॅमेऱ्यांचा बाजार राखण्याचा हेतूही त्यांत असावा, असा आमचा तर्क आहे. पुढे १० बिटांचे मुद्रण आरसाविरहित लहान कॅमेऱ्यांत रुळले, आणि २०२३ चा 'द क्रिएटर' हा हॉलिवूडचा भव्य चित्रपट मुख्यतः सोनीच्या एफएक्स-३ या छोट्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. तेथे वाद बहुतांशी मिटला.

परंतु मधल्या त्या काळात डीएसएलआरवर टिपलेली विदर्भातील लग्ने, मोर्चे, झाडीपट्टीचे नाट्यप्रयोग आणि लघुपट आता इतिहासाची साधने झाली आहेत. आधीच संपीडित असलेल्या या नोंदी पुन्हा संपीडित होऊन हातोहात फिरतात, तेव्हा २५६ पायऱ्यांपैकीही काही गळतात. संग्राहकांनी कॅमेऱ्यातून निघालेली मूळ संचिका मिळवावी, आणि कॅमेऱ्याचे नाव व चित्रणसमयी योजिलेली रंगसेटिंगे तिच्यासोबत नोंदवावीत. कारण चेहरा काळोखात का बुडाला, हे पुढच्या अभ्यासकास त्यावरूनच ठरविता येईल.