ना अपस्मार, ना सोंग

भरल्या घरांत एखादी व्यक्ति एकाएकीं कोसळते, हातपाय झाडूं लागते, हांकेला ओ देत नाहीं, आणि घटकाभरानें भानावर येते. डॉक्टर तपासणी करतात. तींत अपस्मार आढळत नाहीं. अशा वेळीं घरच्या मंडळींपाशीं दोनच शब्द असतात: फेफरें, नाहीं तर सोंग. पहिला खोटा ठरला कीं दुसरा आपोआप खरा मानला जातो, आणि रोग्याच्या वांट्याला उपचाराऐवजीं कुत्सित नजरा येतात. या दोन शब्दांच्या मधें तिसरी एक जागा आहे, हें उमगावयास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. त्या शोधाचा इतिहास मुख्यत्वें पारिसच्या एका रुग्णालयाशीं निगडित आहे. तो आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

अपस्मार हा दैवी कोप नसून त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें प्रतिपादन हिपोक्रातिसाच्या नांवावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथांत इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षें केलेलें आढळतें. पण त्याच परंपरेंत स्त्रियांच्या अनेक विकारांचें खापर गर्भाशयावर फोडलें गेलें. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून निघालेला आहे. आपल्याकडील वैद्यकांतही अशा झटक्यांना ‘योषापस्मार’, म्हणजे स्त्रियांचा अपस्मार, असें नांव पडलें. नांवांतच निदान आणि दूषण दोन्ही एकत्र आलीं.

साल्पेत्रिएर हें मूळचें बंदुकीच्या दारूचें कोठार. १६५६ सालीं चौदाव्या लुईच्या फर्मानानें तें निराधारांचें आश्रयस्थान झालें, आणि पुढें हजारों गरीब, वृद्ध व व्याधिग्रस्त स्त्रिया तेथें राहूं लागल्या. १८६२ सालीं झां-मार्तां शार्को तेथें वैद्य म्हणून आले. मज्जासंस्थेच्या रोगांची वर्गवारी लावणारा एवढा सूक्ष्म निरीक्षक त्या काळीं विरळाच. १८७० च्या सुमारास एक जुनी इमारत मोडकळीस आली, म्हणून व्यवस्थापकांनीं वेड नसलेल्या अपस्मारी व हिस्टेरियाग्रस्त स्त्रिया एकाच विभागांत ठेविल्या आणि तो विभाग शार्कोंकडे सोंपविला. निर्णय निव्वळ जागेच्या सोयीचा होता; परिणाम मात्र दूरगामी झाला. अपस्माराचे झटके अहोरात्र पाहणाऱ्या स्त्रियांच्या झटक्यांनाही तसेंच रूप येऊं लागलें.

या झटक्यांच्या शार्कोंनीं चार अवस्था ठरविल्या: अपस्मारासारखे आचके, शरीराची कमान व विलक्षण हालचाली, भावनावेगाचे आविर्भाव, आणि शेवटीं बरळणें. १८७६ ते १८८० या काळांत बुर्नव्हिल व रेन्यार यांनीं या स्त्रियांचीं छायाचित्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांत वारंवार दिसणारी ऑग्युस्तीन १८७५ सालीं, चौदा वर्षांची असतां, दाखल झाली होती. आई ज्या घरीं नोकरीस होती तेथील मालकानें तिच्यावर बलात्कार केल्याची हकीकत त्याच ग्रंथांत नोंदलेली आहे, आणि झटक्यांत बरळतांना ती त्याचाच उच्चार करी. हें सर्व लिहून ठेविलें गेलें. पण झटक्याचा अर्थ त्या हकीकतींत शोधावा, असें कोणास तीव्रतेनें वाटलें नाहीं. चित्र टिपलें, कहाणी निसटली. १८८० सालीं ती मुलगी पुरुषवेष करून रुग्णालयांतून निघून गेली.

दुसरी प्रसिद्ध रोगी ब्लांश विटमान. आंद्रे ब्रुइए यांच्या १८८७ च्या चित्रांत शार्कोंच्या व्याख्यानाच्या वेळीं मूर्च्छित होऊन कलंडणारी स्त्री ती हीच. तिला सांवरणारे तरुण डॉक्टर म्हणजे शार्कोंचे शिष्य बाबिन्स्की. शार्को १८९३ सालीं वारले. त्यानंतर तिचे ते गाजलेले झटके ओसरले, आणि ती त्याच रुग्णालयांत प्रथम छायाचित्रांच्या व मग क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागली. त्या किरणांच्या दुष्परिणामांनीं तिचे अवयव कापावे लागले.

यावरून कित्येकांनीं निष्कर्ष काढला, कीं शार्को गेले आणि नाटक संपलें. नांसी येथील बेर्नहाइम यांनीं शार्कोंच्या हयातींतच बजाविलें होतें, कीं या अवस्था सूचनेनें घडतात. खुद्द बाबिन्स्की यांनीं १९०१ पासून असें मांडलें, कीं सूचनेनें उद्भवतो व समजावणीनें जातो तोच हिस्टेरिया. हा आक्षेप बराचसा खरा होता. पण त्यांतून लोकांनीं जो अर्थ घेतला तो चुकीचा. सूचनेनें झटक्याला रूप येतें, म्हणून त्यामागची यातना खोटी ठरत नाहीं. सोंग घेणारा जाणूनबुजून सोंग घेतो. येथें रोग्याचा आपल्या देहावरचा ताबाच सुटलेला असतो. पियेर झाने यांनीं १८८९ च्या आपल्या ग्रंथांत हीच गोष्ट सांगितली होती: असह्य आघातानें मनाची एकसंधता भंगते, आणि तुटलेला भाग जाणिवेच्या आड राहून देहाला चालवितो. हा विकार स्त्रियांचाच नव्हे, हें शार्कोंनीं पुरुष रोगी दाखवून सिद्ध केलें होतें. पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या झटक्यांनीं तें जगाला पटविलें.

पुढें यंत्राची साक्ष मिळाली. हान्स बेर्गेर यांनीं १९२४ सालीं मानवी मेंदूच्या विद्युत्लहरी टिपल्या व १९२९ सालीं तें प्रसिद्ध केलें. आतां रोग्याचें चलच्चित्र आणि मेंदूचा आलेख एकाच वेळीं घेतात. अपस्माराच्या झटक्यांत सामान्यतः आलेखावर वादळ उठतें. या झटक्यांत तें उठत नाहीं. कांहीं रोग्यांस दोन्ही विकार असतात, म्हणून एका खुणेवरून निर्णय करणें योग्य नव्हे. तरीही निदान लांबतें: २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणींत तें होण्यास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेल्याचें दिसलें. तोंवर या झटक्यांवर न चालणारीं अपस्माराचीं औषधें रोगी घेत राहतो. कधीं तर तातडीच्या विभागांत त्याच्या घशांत श्वासनलिका घालण्यापर्यंत मजल जाते. अमेरिकन वर्गीकरणांतून ‘हिस्टेरिया’ हें नांव १९८० सालीं गळालें. आतां या झटक्यांना मनोजन्य किंवा कार्यात्मक झटके म्हणतात.

मानसोपचार हाच यावरील मुख्य उपाय होय. मात्र त्याविषयीं अतिशयोक्ति नको. ग्रेट ब्रिटनमध्यें ३६८ रोग्यांवर झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत विचार व वर्तन यांवरील उपचारानें वर्षअखेर झटक्यांच्या मासिक संख्येंत निर्णायक फरक पडला नाहीं. पण जीवनाची प्रत, कामकाज आणि मनाचा त्रास यांत सुधारणा दिसली. म्हणजे झटके चालू असतांही जगणें सुधारूं शकतें.

आणि येथेंच घराचें कर्तव्य सुरू होतें. झटका आला असतां भोंवतालच्या टणक वस्तु दूर कराव्या, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, शांत आवाजांत धीर द्यावा. हातपाय दाबून धरूं नयेत, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा वा चप्पल हुंगवूं नये. झटका नेहमींहून वेगळा वाटला, इजा झाली, किंवा निदानच झालेलें नसलें, तर डॉक्टरांस बोलवावें. झटका ओसरल्यावर उलटतपासणी न करतां रोग्यास पुन्हां रोजच्या कामांत सामावून घ्यावें. साल्पेत्रिएरमध्यें रोग्यांना पाहणारे पुष्कळ होते. त्यांचें ऐकणारे थोडे. ती उणीव भरून काढणें पुष्कळ अंशीं आपल्या घरांच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं ‘सोंग’ हा एक शब्द आधीं टाकून द्यावा लागेल.