ओट्यावरून दिसणारा आखाडा

तोक्योच्या ऱ्योगोकू भागातील सुमो तालमीत सकाळी गेलेल्या पाहुण्यास उंच ओट्यावर बसविले जाते. तेथे बोलावयाचे नाही आणि मातीच्या रिंगणाकडे पाय पसरावयाचे नाहीत. काळे सुती मावाशी नेसलेले कनिष्ठ मल्ल पहाटेपासून उपाशीपोटी राबत असतात. पाय उंच उचलून भूमीवर आपटणे म्हणजे शिको. लाकडी खांबावर तळहातांचे प्रहार करणे म्हणजे तेप्पो. पांढऱ्या मावाशीतील ज्येष्ठ मागाहून येतात.

हे सारे अनादी आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो. १८७१ नंतर मेइजी काळातील जपान जुनी केशरचना सोडू लागला. उघड्या अंगाचे मल्ल अनेक सुधारकांना लाजिरवाणे वाटत होते. १८८४ मध्ये सम्राटांनी स्वतः कुस्त्या पाहिल्या आणि सुमोची प्रतिष्ठा सावरली. १९०९ मध्ये ऱ्योगोकूत कोकुगिकान उभे राहिले. रिंगणावरील छताला शिंतो देवालयाचा आजचा घाट आला, तो १९३१ मध्ये.

शिस्तीच्या नावाखाली होणारा मारही परंपरा म्हणूनच खपत असे. २००७ मध्ये १७ वर्षांचा एक शिकाऊ मल्ल तालमीतील मारहाणीनंतर मरण पावला. २००९ मध्ये त्याच्या गुरूला न्यायालयाने कारावास सुनावला. छताचा घाट बदलता येतो, तर हा मार अटळ कसा?

सरावाच्या अखेरीस ज्येष्ठाच्या छातीवर धडका देऊन मातीत लोळलेला तरुण उठतो आणि वाकून नमस्कार करतो. त्यात आदर किती आणि भय किती, हे ओट्यावरून दिसत नाही.